साहेबांची मजुरी

खिळेमामांशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या तोंडाकडे बघून घ्यावं लागतं. ओठ मिटलेले आणि गाल किंचित फुगलेले दिसले, की आत खिळे आहेत असं समजावं आणि आपणच बोलत राहावं. सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवणं हा मामांचा धंदा. मूठभर बारीक खिळे ते तोंडात टाकतात, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणतात, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने तो उचलतात आणि कापडाच्या कडेवर ठोकतात. बाकीच्या कारागिरांनी केव्हाच पिना मारायच्या बंदुका घेतल्या. मामांना कुणी तसं सुचवलं तर ते म्हणतात, "बंदूकच चालवायची असती तर सैन्यात गेलो नसतो का?" हेही ते खिळ्यांच्या आडूनच म्हणतात, त्यामुळे नवख्या माणसाला नुसतं "हूं हूं हां" ऐकू येतं. गिऱ्हाइकं त्यांना तुसडे समजतात. वास्तविक मामा गप्पिष्ट आहेत. बोलायला त्यांना वेळ नसतो असं नाही, तोंडात जागा नसते.

ज्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली मामा शिकले, त्याने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तोंडात खिळे असताना हसलास तरी चालेल, पण आवंढा गिळू नकोस. मामांनी तो नियम जन्मभर पाळला. वडील गेल्याची बातमी दुकानात आली, तेव्हाही त्यांनी आधी सगळे खिळे बशीत काढून ठेवले आणि मगच विचारलं, "कधी?" बातमी आणणाऱ्या भावाला तेव्हा त्यांचा राग आला होता. मामींना मात्र आला नाही, कारण त्यांनी ती बशी पाहिली होती. खिळे काढताना निम्मे बशीबाहेर सांडले होते.

मामांची खरी हुशारी लपवण्यात. शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधून दाखवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. पट्टे, स्प्रिंगा, काथ्या, कापूस, सगळं आत असं गडप करतात की वरून बघणाऱ्याला वाटावं, खुर्ची अशीच झाडाला लागली असेल. मामी म्हणतात, "यांच्या हातात वस्तू देऊ नये बाई. एकदा लपली की लपली."

आणि जे मामा लपवतात, ते साहेब शोधतात. साहेब म्हणजे मामांचा कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. एका फाटक्या सोफ्यातून ते दुकानात आले. पाठीचा काथ्या उपसताना आत हे बोटभर पिल्लू सापडलं. सोफ्याच्या मालकाने कानावर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी सोफ्याची बैठक तयार झाली आणि पिल्लू कसंबसं वर चढून बरोबर मध्यभागी जाऊन बसलं, नवा अधिकारी बदलीवर हजर झाल्यासारखं. मामा म्हणाले, "बसा साहेब, बसा." तेव्हापासून नाव साहेब आणि बोलणं अहो-जाहोचं. "गिऱ्हाइकाला अरे-तुरे आणि कुत्र्याला अहो-जाहो," म्हणून मामी कपाळाला हात लावतात, पण बोलताना त्याही साहेबांना "अहो"च म्हणतात.

साहेब नोकरीला लागले ते एका अपघातामुळे. मामांनी मढवलेल्या खुर्चीत एकदा एक खिळा चुकून आत राहिला. खुर्ची शाळेतल्या मोठ्या बाईंची होती. बाई बसल्या आणि बसल्या त्याच्या दुप्पट जोराने उठल्या. काय बोलायचं ते बोलल्या. मामांनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. मग त्यांनी साहेबांना शिकवणी सुरू केली. कापसाच्या उशीत खिळा दडवायचा, साहेबांनी हुंगून, पंजाने चाचपून तो शोधायचा, ओठांच्या टोकाने अलगद बाहेर काढायचा, गिळायचा मुळीच नाही, आणि मामांच्या पायाशी आणून ठेवायचा. मग मामा म्हणायचे, "सापडला? शाब्बास, साहेब!" मग खिशातून पावाच्या कडक कडेचा तुकडा हवेत उडायचा आणि साहेब तो वरच्यावर झेलायचे. मामा त्याला मजुरी म्हणत. पुढे पुढे साहेबांच्या परीक्षेशिवाय एकही खुर्ची दुकानाबाहेर जाईना. साहेब बैठकीवर चढून निवांत झोपले तर खुर्ची पास. गोल फिरून उतरले तर मामा मुकाट्याने शिवण उसवत.

असे हे साहेब म्हातारपणी खोकायला लागले. आधी मामांना वाटलं, काथ्याची धूळ घशात गेली असेल. मग जिन्याच्या पायऱ्यांवर ते मध्येच बसून राहू लागले आणि एका सकाळी खुर्चीवर चढायचं म्हणून पुढचे पाय ठेवले ते तसेच राहिले. मागचे उचलेनात. मामांनी त्यांना उचललं आणि सरळ जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. खूप वेळ छाती ऐकून त्या म्हणाल्या, "मामा, हृदय मोठं झालंय. छातीत पाणी धरतंय. सकाळ-संध्याकाळ ही गोळी द्यायची. आता ही कायमची. चुकवायची नाही, आणि कुटायचीही नाही. कडूजहर आहे, कुटलीत तर सगळं जेवणच कडू होईल. अन्नात लपवून द्या."

"लपवून?" मामा आजारी कुत्र्याला छातीशी धरून चक्क हसले. "बाई, माझं पोटच त्याच्यावर चालतं."

"आणि विश्रांती. दुकान बंद त्यांचं."

झालं. साहेबांची घरी स्वयंपाकघराच्या दाराशी गादी पडली आणि मामांनी गोळी लपवायला घेतली. पहिल्या दिवशी पावाच्या मऊ भागात खळगा करून, वरून पुन्हा पाव दाबून, सांधा दिसणार नाही असा बेमालूम तुकडा त्यांनी पुढे ठेवला. साहेबांनी तो तोंडात घेतला, जरा घोळवला, पाव खाल्ला आणि गोळी ओठांच्या टोकाने मामांच्या पायाशी ठेवली. ठेवून वर बघत बसले.

"ओळखलंत होय?" मामा म्हणाले. त्यांना कौतुकही वाटलं आणि थोडा अपमानही. मग उकडलेल्या अंड्याच्या बलकात लपवली. भाताच्या मुटक्यात लपवली. कोंबडीच्या तुकड्याला चीर देऊन, आत गोळी सरकवून, चीर बोटांनी अशी मिटवली की मामींनी चष्मा लावून बघितलं तरी दिसेना. प्रत्येक वेळी अन्न पोटात, गोळी पायाशी, आणि साहेब आपले वर तोंड करून मामांकडे बघतायत.

सल्ल्यांना काय तोटा! दुकानाशेजारचा चष्मेवाला म्हणाला, जबडा उघडून जिभेच्या मागे टाका. मामांनी प्रयत्न केला. साहेबांनी चावलं नाही, पण ते इतके घुसमटले आणि त्यानंतर इतका वेळ खोकत राहिले की मामांनी कानाला खडा लावला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, उपाशी ठेवा, भूक लागली की दगडही खाईल. मामी त्यांना म्हणाल्या, "आधी तुमच्या यजमानांना ठेवून बघा."

तोवर खरं संकट पुढे आलं. साहेब जेवेनासे झाले. साधा भात ठेवला तरी नाकाने उलथापालथा करून शोधायचे, दमायचे, आणि काही सापडलं नाही तरी खायचे नाहीत. दूधसुद्धा तळापर्यंत बघून घेतल्याखेरीज नको. अंगावर हाडं दिसायला लागली. डॉक्टरीणबाई रोज घरी येऊन इंजेक्शन टोचून जात, पण त्याही एका दिवशी उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मामा, सुयांवर फार दिवस निघणार नाहीत. गोळी आत गेली आणि चार घास अन्न गेलं, तर साहेब अजून चांगले राहतील. नाहीतर... तुम्हाला समजतंय ना?"

मामांना समजत होतं. म्हणूनच तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा तोल गेला. भात-अंड्यात लपवलेली गोळी साहेबांनी पुन्हा बाहेर काढली, पायाशी ठेवली आणि वर बघितलं. मामा ओरडले, "अरे, मरायचंय का तुला? नालायका, कुणासाठी करतोय मी हे?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मामी दारात आल्या. "साहेबांना अरे-तुरे करताय?" एवढंच म्हणाल्या. साहेबांनी उभा कान पाडला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मामा चपला घालून दुकानाला निघून गेले.

दुकानात दातांच्या दवाखान्याचा एक लांब बाक पडून होता. रोगी उभे राहतायत म्हणून निरोपावर निरोप येत होते. मामांनी खिळे तोंडात टाकले आणि कामाला लागले. काम हातांनाच येत होतं, त्यात डोकं लागत नव्हतं. बाक मढवून झाला. खिळे संपले. आता परीक्षेला कुणी नव्हतं, तेव्हा मामांनी स्वतःच तळहाताने बैठक चाचपायला घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्याच्या जरा पुढे हाताला बारीकसं टोचलं. कापसात एक खिळा राहिला होता. मामांनी कड उसवली, दोन बोटांनी खिळा बाहेर ओढला, आणि तोंडातून आपोआप शब्द निघाले, "सापडला? शाब्बास, साहेब!"

रिकाम्या दुकानात ते शब्द त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

मामा खिळा हातात धरून तसेच उभे राहिले. मऊ वस्तूत कठीण काही लागलं की ते गिळायचं नाही, बाहेर काढायचं, मामांच्या पायाशी ठेवायचं आणि वर बघायचं. हे कुणी शिकवलं? साहेब गोळी नाकारत नव्हतेच. आजारी होते, छाती भरून आली होती, धड उभं राहवत नव्हतं, तरी साहेब नोकरी करत होते. मालकाने रोज नवी नवी अवघड परीक्षा काढली आणि ते रोज पास झाले. एका शब्दासाठी वर बघत बसले. तो शब्द काही आला नाही. आज आली ती शिवी.

मामा तसेच निघाले. चष्मेवाला मागून ओरडला, "मामा, दुकान उघडं राहिलं!" त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी भाताची ताटली जागच्या जागी होती आणि गोळीही. मामींनी मुद्दामच ती उचलली नव्हती. ज्याने आरडाओरडा केला त्यानेच उचलावी, असा त्यांचा हिशोब. मामा जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी ती गोळी चिमटीत उचलली, भिंतीकडे तोंड केलेल्या साहेबांच्या पुढे धरली आणि म्हणाले, "सापडली? शाब्बास, साहेब! शाब्बास!"

आधी उभा कान उठला. मग शेपटी फरशीवर एकदा आपटली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

मामी ओल्या हातांनी बाहेर आल्या. मामांनी त्यांना सगळं सांगितलं, बाकाचं, खिळ्याचं. मामींनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरगा परीक्षेत पहिला आला म्हणून तुम्ही त्याला झोडपलंत."

"हो गं."

"आज आता काही लपवू नका. पोटाला नुसतं खाऊ दे त्यांना."

मामांनी भात तळहातावर घेऊन चपटा पसरला, आत लपायला जागाच राहणार नाही असा पातळ, आणि हात पुढे केला. साहेबांनी हुंगलं, मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि चाटायला लागले. मामांनी दुसऱ्यांदा पसरला, तिसऱ्यांदा पसरला. ताटली काही संपली नाही, पण तळ दिसायला लागला. संध्याकाळी इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना मामांनी भीतभीत विचारलं, "यांना दुकानात नेऊ का? उचलून नेतो. पायी एक पाऊल टाकू देणार नाही."

बाईंनी ताटलीकडे बघितलं, मग साहेबांकडे. "न्या," त्या म्हणाल्या. "घरी झुरत पडण्यापेक्षा दुकानात पडलेले बरे. पण खुर्चीवर उडी नाही. तुम्ही चढवायचं, तुम्ही उतरवायचं."

सकाळी सोफे वाहायच्या हातगाडीवर जाड गादी टाकून साहेबांची स्वारी निघाली. मामा गाडी अशी ढकलत होते की रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला वळसा. चष्मेवाल्याने दारात येऊन सलाम ठोकला. मामांनी साहेबांना उचलून दवाखान्याच्या बाकावर ठेवलं. एका टोकाची कड उसवून त्यांनी कापसात एक खिळा आधीच दडवला होता. साहेबांनी हुंगलं. पंजा ठेवला. दमले, जरा टेकले, पुन्हा हुंगलं, आणि खिळा ओठांत धरून मामांच्या हातावर ठेवला.

"सापडला? शाब्बास, साहेब!"

आणि मामांनी मजुरी दिली. त्यावर त्यांनी आदली सबंध संध्याकाळ विचार केला होता. मऊ वस्तूत कठीण वस्तू साहेब सोडणार नाहीत. मग कठीणातच कठीण ठेवली तर? पावाच्या दोन कडक कडा, मध्ये लोण्यात रुतवलेली गोळी. पहिला तुकडा नुसता, दुसरा गोळीचा, आणि तो तोंडात असतानाच तिसरा डोळ्यांपुढे धरलेला. शिवाय अन्न साहेब तपासत, पण मजुरी कधीच तपासली नव्हती. साहेबांनी पहिला तुकडा झेलला. दुसरा झेलला. कुर्रकन आवाज झाला, घसा हलला, आणि ते तिसऱ्यासाठी तोंड उघडून बसले. मामांनी जमिनीवर बघितलं, बाकाखाली बघितलं, साहेबांचे ओठ उचलून बघितले. गोळी कुठेच नव्हती. मामा दुकानाच्या दारात जाऊन चष्मेवाल्याला मोठ्याने म्हणाले, "गेली!" त्याला काय गेलं ते समजेना, पण मामांचा चेहरा बघून त्यानेही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर रोज तेच. सकाळी एक खिळा, संध्याकाळी एक खिळा, दोन्ही वेळा मजुरी. साहेब हळूहळू घरीही पोटभर जेवू लागले. हाडं झाकली गेली. धाप राहिली, पण खोकला कमी झाला. मामांनी त्यांच्यासाठी बाकाच्या उरलेल्या कापडाची बुटका चौरंग मढवला. त्याची परीक्षा साहेबांनी स्वतःच घेतली आणि तो पास झाला. मामी डबा घेऊन दुकानात यायच्या तेव्हा हा सोहळा बघायच्या. एकदा म्हणाल्या, "फसवणूकच की ही. आधी भातात फसवायचात, आता पगारात फसवता."

मामांच्या तोंडात खिळे होते, त्यातला एक त्यांनी ओठांवर आणला आणि ठोकला. पण ते त्यांना लागलं. लपवणं हा त्यांचा धंदा असला, तरी साहेबांपासून काही लपवणं त्यांना आता नको वाटत होतं.

असेच एकदा मामा एका खुर्चीची पाठ ठोकत होते. गाल खिळ्यांनी भरलेले. साहेबांनी आपलं काम केलं होतं आणि मामांनी डाव्या हाताने मजुरी उडवली. पहिला तुकडा गेला. दुसरा साहेबांनी झेलला आणि तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. तुकडा तोंडातून पडला, त्याच्या दोन कडा दोन दिशांना झाल्या, आणि गोळी टक्‌कन फरशीवर पडून साहेबांच्या पुढ्यात येऊन थांबली. नुसती, उघडी, पांढरी.

मामांची हातोडी वरच्या वर राहिली. साहेबांनी गोळीकडे बघितलं. हुंगली. आता ती ओठांत धरून ते पायाशी आणतील, आणि यापुढे मजुरीही तपासून घेतील, हे मामांना स्पष्ट दिसत होतं. परत भात, परत सुया, परत ती हाडं. पुढे होऊन झटकन गोळी उचलावी, लोण्यात घालावी, काही झालंच नाही असं दाखवावं, असं त्यांच्या मनात आलं. हात पुढे गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला. ते साहेबांसमोर उकिडवे बसले आणि खिळ्यांच्या आडून म्हणाले, "साहेब, ती तुमचीच आहे. औषध आहे. घ्या."

दुसऱ्या कुणाला ते "हूं हूं हां" असंच ऐकू आलं असतं. पण साहेबांचा जन्म खिळ्यांतली भाषा ऐकण्यात गेला होता. त्यांनी मामांच्या तोंडाकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग मान खाली घातली, जिभेने गोळी उचलली आणि गिळली. कडू लागली असणार, कारण तोंड वाकडं झालं. मग नेहमीसारखं तोंड वर करून ते बघत बसले.

त्यांना काय हवंय ते मामांना ठाऊक होतं. शब्द अगदी ओठांवर होता, पण घशात काहीतरी दाटून आलं होतं आणि तोंडात खिळे होते. मामांनी बशी जवळ ओढली, साहेबांवरची नजर न काढता एकेक खिळा त्यात काढून ठेवला, शेवटचासुद्धा ठेवला, आणि मगच आवंढा गिळला.

"शाब्बास, साहेब," ते म्हणाले.